तेलवाल्याचा हात

मोहनआजोबांच्या शंभर गोष्टींतल्या नव्व्याण्णव खोट्या असतात हे जर्मनीतल्या बॉबलिंगेनमधल्या झाडून सगळ्या मराठी घरांना ठाऊक होतं, आणि माणसं ऐकायला यायची ती त्या नव्व्याण्णवांसाठीच. एडनच्या बंदरात त्यांनी एका शार्कला विडी ओढायला शिकवली होती. एका वादळात बोट उलटी झाली, तेव्हा ते छतावर उभे राहून चहा प्याले होते आणि बोट सुलटी झाल्यावरच कप खाली ठेवला होता. शंभरावी गोष्ट मात्र खरी होती. पंचाईत अशी, की या रविवारी परीक्षा नेमकी तिचीच होती.

ती गोष्ट अशी. साठ वर्षांपूर्वी वेळणेश्वरचा हा मोहन मालवाहू बोटीवर तेलवाला होता. तेलवाला म्हणजे इंजिनाला तेल पाजणारा आणि त्याचा ताप बघणारा. पूर्वेकडच्या एका बंदरात बोट दुरुस्तीला अडकली आणि तिथं गोऱ्या लोकांच्या युद्धपटाचं शूटिंग चाललेलं. परक्या मुलखात नदीवर तळ दिलेली तोफांची बोट, काठावर क्रांती पेटलेली, आणि सगळं सोडून इंजिनावर जीव टाकणारा एक खलाशी. या खलाशाला चालू इंजिनात हात घालायचा होता. बेअरिंग तापलंय का, ते तेव्हा हातानंच बघत. मांडीएवढा लोखंडी दांडा गरगरत खाली येतो, वर जातो. त्याच तालात हात आत घालायचा, टेकवायचा आणि बाहेर काढायचा. ताल चुकला तर हात गेला. हिरो म्हणाला, "मला दोनच हात आहेत." मग मोहनच्या हाताला पावडर फासली, तांदळाच्या पिठात बोंबील घोळवावा तसा तो पांढरा केला, वर खलाशाची बाही चढवली आणि कॅमेरा लावला.

दुसऱ्या दिवशी बोट सुटली. सिनेमा काही मोहनच्या नशिबात आला नाही. आपला तुकडा त्यांनी ठेवला की कापला, हे आजोबांना आजतागायत माहीत नव्हतं. आणि हे त्यांना माहीत नाही, हे दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

गावातल्या फिल्म क्लबनं तोच सिनेमा रविवारी दुपारी तीनला लावला होता. नात ऊर्जा, वय वर्षं बारा, हिनं वर्गात जाहीर केलं होतं: माझे आजोबा त्यात आहेत.

"बाबा, अजून वेळ गेलेली नाही," सकाळी वल्लरी, त्यांची सून, पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "ऊर्जाच्या वर्गातली ती लेना येतेय, तिच्याबरोबर आणखी चौघी. तुम्ही दिसला नाहीत तर पोरीला उद्या शाळेत तोंड दाखवायला जागा उरणार नाही. मला तरी खरं सांगा."

"अगं, मी आहे त्या सिनेमात."

"शार्क पण आहे का?"

"त्याचं नाव काढू नकोस. त्यानं विडी सोडली बिचाऱ्यानं."

वल्लरीनं लाटणं जरा जोरातच ठेवलं. आजोबांनी शांतपणे दुसरी पोळी मागितली. ऐंशी वर्षांच्या आयुष्यात घाबरल्याचं त्यांनी कुणाला दाखवलं नव्हतं, आता कुठं ती सवय लावून घ्यायची?

बसस्टॉपवर लेना आणि कंपनी उभी होतीच. बस आली. आजोबांनी चढण्याआधी तिच्या पत्र्याला दोन बोटं लावली आणि कपाळाला टेकवली. कामाची पाळी सुरू होताना यंत्राला करायचा हा नमस्कार. इंजिनरूम सुटली तरी सवय सुटली नव्हती. लिफ्टला, भांडी धुण्याच्या मशीनला, एकदा तर पोलिसाच्या मोटरसायकलला त्यांनी तो केला होता, पोलिस तिच्यावर बसलेला असताना.

"ओपा, बिटं निष्ट!" ऊर्जा कुजबुजली. आजोबा, नको ना! मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच निघायचं. लेना तोंडावर हात धरून हसत होती.

हॉलमध्ये निम्मे जर्मन, निम्मे मराठी. क्लबचे प्रमुख क्रूगर, निवृत्त इंजिनियर, प्रास्ताविकाला उभे राहिले. हा सिनेमा त्यांनी अकरा वेळा पाहिला होता.

"काय म्हणतायत?" आजोबांनी विचारलं.

"हिरोची एक प्रसिद्ध खूण आहे म्हणे, तिच्याकडे लक्ष ठेवा," वल्लरी म्हणाली. "मेलेल्या कप्तानाला तो गुपचूप निरोप देतो. यांनी त्यावर नऊ पानी लेख लिहिलाय."

"लिहिणाऱ्यानं लिहावं," आजोबा म्हणाले आणि सफरचंदाच्या केककडे वळले.

तास गेला. नदी आली, तोफा आल्या, काठावर मशाली घेतलेली माणसं आली. मोहन काही आला नाही. लेना ऊर्जाच्या कानाशी लागून काहीतरी बोलली. ऊर्जाचे कान लाल झाले. तिनं आजोबांकडे पाहिलं नाही, ते मात्र आजोबांना लागलं. केक उरला होता तो उरलाच. गेली साठ वर्षं आपण शार्कला विडी पाजली ती मजेत पाजली. पण आज ही एक खरी गोष्ट खोटी ठरली, तर पोर पुन्हा आपली कुठलीच गोष्ट ऐकणार नाही.

आणि मग पडद्यावर इंजिनरूम आली. वाफ, तेलानं चकाकणारं पितळ, तो दांडा. आजोबांचा पाय आपोआप ताल धरू लागला.

पडद्याच्या कडेनं एक पांढराफटक हात आला. पण तो यंत्रात शिरला नाही. आधी दोन बोटं इंजिनाच्या अंगाला लागली, मग हात वर, चौकटीबाहेर, कपाळाकडे गेला. तिथून परत आला आणि मग कुठं ताल साधून आत शिरला.

आजोबांना विसरलेलं सगळं आठवलं. डायरेक्टर चारदा ओरडला होता, ते मध्येच काय करतोस, ते नको! पण नमस्कार केल्याशिवाय हात आत जाईच ना. शेवटी बिचाऱ्यानं हात टेकले.

"ते माझे आजोबा आहेत!" ऊर्जा खुर्चीवर चढून ओरडली. मराठीत. "तो आजोबांचा हात आहे! बसला करतात तोच नमस्कार!"

मराठी रांगांत हशा आणि टाळ्या एकदमच फुटल्या. वल्लरीनं जर्मनमध्ये काय ते सांगितल्यावर क्रूगरसाहेबांनी सिनेमा थोडा मागं नेऊन थांबवला, दिवे लावले, आजोबांना पडद्यापाशी नेलं. तिथं थांबलेल्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती. आजोबांनी आपली करंगळी शेजारी धरली. तशीच.

क्रूगरसाहेब बराच वेळ कधी या करंगळीकडे, कधी त्या करंगळीकडे बघत राहिले. "या खुणेवर नऊ पानं," ते पुटपुटले. मग पुढं झाले आणि आजोबांचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवत राहिले. शूटिंगची हकीकत सांगाच, म्हणाले. लेना आता पुढच्या रांगेत येऊन बसली होती. दुभाषी म्हणून ऊर्जा उभी राहिली.

आजोबांनी हॉलवरून नजर फिरवली. शंभरावी गोष्ट तर सिद्ध झाली होती. आता काय, मैदान मोकळं होतं.

"त्याचं असं झालं," ते म्हणाले, "हात आत घातला, तर इंजिनाखाली एक मगर बसलेली."

वल्लरीनं डोक्याला हात लावला. ऊर्जानं आजोबांकडे पाहिलं, मग लेनाकडे. दम घेतला आणि ठासून जर्मनमध्ये सांगितलं. आजोबांना जर्मन फारसं येत नव्हतं, पण दहापर्यंत आकडे आणि 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', एवढं येत होतं. तिनं 'द्राय' म्हटलेलं त्यांनी नीट ऐकलं. तीन मगरी.

क्रूगरसाहेबांनी डोळे विस्फारून आजोबांना विचारलं, खरंच तीन?

आजोबांनी नातीच्या खांद्यावर हात ठेवला.

"गेनाऊ," ते म्हणाले.