करावे गावची अळीखाऊ

मी जाईबाईची कोंबडी बोलतेय. करावे गावची, अस्सल गावठी. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, कारण मी अळ्या खाऊन मोठी झाले आणि त्याची मला काडीची लाज वाटत नाही.

माझा जन्म शहाऐंशी सालचा. तेव्हा नेरूळला नव्या बिल्डिंगा भराभर उठत होत्या. जाईबाईची शेती त्या शहराखाली गेली आणि उरलं अंगण अन् आम्ही बारा कोंबड्या. आमच्या अंड्यांवर तिच्या घरचं तेलमीठ चालायचं.

अंगणातल्या शेवग्याला एक भोकं पाडलेला पत्र्याचा डबा टांगलेला असे. जाईबाईचा नवरा गंगाराम खाडीतून मासळी आणायचा. तिची डोकी, आतडी त्या डब्यात पडायची, वर मूठभर तूस. माश्या आपलं काम करून जायच्या आणि दोन-चार दिवसांत भोकांतून टपाटप अळ्या खाली. आम्ही चोची वर करून उभ्याच. जेवण फुकट, तेही घरपोच. अंड्यातला बलक असा की पोळा हळद न घालता पिवळा व्हायचा.

बिल्डिंगीत आमची अंडी नेली मालतीबाईंनी. गिरगावातून नव्या फ्लॅटमध्ये आलेल्या, शब्दाला वजन असलेल्या बाई. एकदा त्या हौसेने अंगण बघायला आल्या आणि नेमकी त्यांच्या चपलेवर एक अळी पडली.

"शी, हे खातात तुमच्या कोंबड्या?"

"मंग काय श्रीखंड घालू?" जाईबाई म्हणाली.

हे बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवशी टोपलीतली अंडी टोपलीतच परत आली. चार दिवस तेच झालं, तेव्हा जाईबाईने मुकाट्याने डबा उतरवला आणि दुकानातून कोंबडीखाद्याचं पोतं आणलं.

मी चोच घातली. वास ओळखीचा. अहो, निम्मी तर सुकट दळलेली. आमच्याच खाडीतली, गंगारामकडून व्यापारी पडत्या भावात नेतो ती, आता दामदुप्पट देऊन घरी आलेली. मी बिनशाळेची कोंबडी, पण एवढं मलाही कळलं.

अंडी पुन्हा खपू लागली, पण येईल तो पैसा पोत्यातच जायचा आणि तरी पुरायचा नाही. मग पुढच्या पोत्यासाठी जाईबाईने काळीला विकलं. काळी आणि मी पिल्लं असल्यापासून एकाच काठीवर झोपायचो. ती गेली मालतीबाईंच्या स्वयंपाकघरात. सोमवारी बाई सांगत आल्या, "काय चव होती हो. गावठी ती गावठीच." ती जन्मभर अळ्यांवर वाढली होती, बाई. मला इतका संताप आला की दोन दिवस मी अंडंच दिलं नाही. मूर्खपणा झाला, कारण जाईबाईच्या ते लक्षात राहिलं.

दर पोत्याला एक कोंबडी. बाराच्या सात झालो आणि माझी पाळी आली. पाय धरून उलटी लटकवून जाईबाईने मला मालतीबाईंच्या तिसऱ्या मजल्यावर नेलं. जिने उलटे दिसत होते आणि मी भयंकर घाबरले होते.

मालतीबाईंनी माझी मांडी चाचपली. "जाईबाई, मागच्या खेपेच्या कोंबडीत काही दम नव्हता. अंड्यातलं पिवळंही फिकं पडलंय. असं का?"

"ती पयली, काळी, अळीवर पोसलेली, बाई. मागची दोन महिने पोत्यावर व्हती. ही बी पोत्यावरचीच हाय. मना परवडत नाय आन् तुमाला चव नाय."

मालतीबाईंनी जिन्यात डोकावून कोणी नाही ना ते बघितलं. "तो डबा परत टांगा. पण मागच्या दारी. आणि मला काही सांगू नका. हिला घेऊन जा."

येताना मी जाईबाईच्या काखेत होते, सरळ.

आता मी म्हातारी झाले. डबा मागच्या दारी टपकतोय, सगळी बिल्डिंग पिवळाधमक बलक खाते आणि कोणी काही विचारत नाही. मी मात्र आठवड्याला जेमतेम एक अंडं देते, आणि हल्ली जाईबाई माझ्याकडे जरा जास्तच प्रेमाने बघते.

जाण्याआधी एवढंच सांगते. मी काय खाते ते खुशाल वाकून बघा. पण मग एकदा मलाही तुमच्या ताटात वाकून बघू द्या. काळीचं काय झालं ते मला कोणी तोंडावर सांगितलं नाही, बाईंच्या बोलण्यावरून मी आपलं ओळखलंय.