डाव्या हाताचा आशीर्वाद

"काका, हे उलटं आलंय."

रीमानं प्रेसवरून ओला कागद उचलला आणि मूळ चित्राशेजारी धरला. मूळ चित्र चर्चचं, साडेतीनशे वर्षांपूर्वी तांब्याच्या पत्र्यावर ॲसिडनं रेषा खोदून छापलेलं. त्यात एक संत गुडघे टेकलेल्या रोग्याला डाव्या हातानं आशीर्वाद देत होता. गुरुनाथकाकांनी केलेल्या प्रतीत सगळं चित्रच फिरलं होतं आणि हात उजवा झाला होता.

"उलटं नाही, सरळ केलंय मी," काका म्हणाले. "डाव्या हातानं कुणी आशीर्वाद देतं का? त्या माणसानं पत्र्यावर जसंच्या तसं काढलं. छापताना फिरतं, हे विसरला गडी!"

काकांना हे कोण शिकवणार? पुण्यातल्या छापखान्यात त्यांनी जन्मभर चित्रं छापायचे जस्ताचे ब्लॉक केले होते. जर्सी सिटीत मुलाकडे आल्यावर घर खायला उठलं, म्हणून ते रीमाच्या वर्कशॉपमध्ये ॲसिडचे ट्रे धुवायला येऊ लागले. दोन वर्षांनी हे पहिलं खरं काम हाती आलं होतं. मूळ चित्र पाणी लागून खराब होत चाललं होतं आणि रविवारच्या सणाला चर्चला प्रत हवी होती.

"यू आर राइट काका, चूक त्याचीच आहे," रीमा म्हणाली. "पण चित्र चर्चमध्ये आल्यापासून त्या लोकांच्या तीन पिढ्या ह्याच हाताकडे बघून प्रेअर करतायत. त्यांना करेक्शन नकोय. त्यांचा संत हवाय."

नको तिथे शहाणपणा केला, याची काकांना मनापासून लाज वाटली.

"अजून एक पत्रा देशील?"

"आज बुधवार. जमेल?"

"जमवतो."

"ओके. पण हा कॅन्सल करावा लागेल."

वर्कशॉपचा नियमच होता. रद्द झालेला पत्रा कुणी पुन्हा छापू नये म्हणून त्यावर रेघ मारायची, त्याचा एकच ठसा काढायचा आणि पत्रा करणाऱ्यानं ठशाखाली सही करायची. रीमानं सुई उचलली, पण तिला रेघ मारवेना.

"दे इकडे," काका म्हणाले.

संताचा चेहरा फार सुरेख उतरला होता. तरी काकांनी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एका दमात रेघ ओढली.

ठसा निघाल्यावर रीमानं पेन्सिल पुढे केली.

"कुठे करू?"

"खाली, उजवीकडे."

हजारो ब्लॉक केले, पण कुठल्याही कामाखाली त्यांचं नाव कधी आलं नव्हतं. काकांनी हात पँटला पुसले आणि रेघ मारलेल्या चित्राखाली सावकाश लिहिलं, गुरुनाथ शेवडे.