कोर्टाच्या दारातलं गुड मॉर्निंग

आमच्या गावात माणूस समोरून आला आणि तुम्ही न बोलता पुढे गेलात, तर संध्याकाळपर्यंत चर्चमधल्या सगळ्या बायका ठरवून मोकळ्या होतात की तुमच्या आईनं तुम्हाला वळण लावलं नाही. म्हणून माझ्या ड्वेनच्या खटल्याच्या सकाळी, ज्युरीसाठी, म्हणजे निकाल देणाऱ्या बारा जणांत बसायला, बोलावलेली माणसं पायऱ्या चढून येत होती तेव्हा, मी कोर्टाच्या दारात उभी राहून ओळखीच्या प्रत्येकाला गुड मॉर्निंग केलं. पोरगा खुनाच्या आरोपाखाली आत बसला होता, तरी केलं.

त्यातले पाचजण आमचे, काळे. ज्युरीतून काही माणसं कारण न सांगता वगळायचा हक्क वकिलांना असतो; सरकारी वकिलानं तो वापरून पाचही जणांना घरी पाठवलं. उरलेल्या बारा गोऱ्यांनी ड्वेनला जन्मठेपेला धाडलं.

आमच्या वकीलबाई मिस टॉलिव्हर अपिलात भांडल्या, की ज्युरी कातडीचा रंग बघून निवडली, आणि कायद्याला ते चालत नाही. वरच्या कोर्टानं खालच्या न्यायाधीशांना सांगितलं, त्या पाचजणांना का काढलं ते सरकारी वकिलाला विचारा.

तो उठला आणि कोटाचं बटण लावत म्हणाला, "रंगाचा काय संबंध? ते पाचही जण आरोपीच्या आईशी बोलले. मला कोर्टातल्या पोलिसानं सांगितलं. हॉलिसनं. आणि तो तर स्वतःच काळा आहे."

हॉलिस माझा धाकटा दीर. त्याची आई गेली तेव्हा तो एवढासा होता, पोटच्या पोरासारखा वाढवला मी त्याला. परवाच्या रविवारी माझ्या टेबलाशी बसून चिकन-डंपलिंग दोनदा मागून घेतलं होतं त्यानं. वर म्हणाला, "वहिनी, देवावर भरवसा ठेव." केसानं गळा कापला मेल्यानं, आणि तोही माझ्याच रीतभातीच्या केसानं.

मिस टॉलिव्हर माझ्याकडे वाकल्या. "व्हर्लीन, त्या सकाळी कुणी गोरं बोललं होतं का तुमच्याशी?"

"बोललं म्हणजे? मिसेस प्रुइटनं माझे दोन्ही हात धरले, गुडघे कसे आहेत विचारलं. मी शाळेच्या स्वयंपाकघरात, ती शाळेच्या ऑफिसात, जन्म गेला आमचा एकत्र."

"आणि ती ज्युरीत बसली!" त्यांचे डोळे चमकले. "मग संपलंच की यांचं. गोरी बोलली तर चालतं, काळे बोलले तर नाही. ड्वेनचा खटला नव्यानं होणार."

पण मिसेस प्रुइट हिवाळ्यात वारली होती, आणि आईच्या शब्दाला कोण विचारतो? बघणारा एकच होता. मिसेस प्रुइटसाठी ज्यानं दार धरलं होतं, तो हॉलिस.

त्याला साक्षीसाठी पिंजऱ्यात उभं केलं तेव्हा मला उलट बरं वाटलं. म्हटलं, गाठ त्यानंच मारली आहे, आता तोच सोडवील. मला त्याचं लहानपण आठवत होतं.

"मिसेस प्रुइट त्या सकाळी व्हर्लीनशी बोलल्या होत्या ना?" मिस टॉलिव्हरनी विचारलं.

हॉलिसनं माझ्याकडे बघितलं, मग सरकारी वकिलाकडे. "मला नाही दिसलं," तो म्हणाला.

मधल्या सुट्टीत मी त्याला जिन्यापाशी गाठलं. "अरे, तुझ्या नाकासमोर बोलली ती! माझ्या डोळ्यांत बघून सांग."

"वहिनी, मला उद्याही यांच्याच दारात उभं राहायचंय गं," तो पुटपुटला. "तुला नाही कळायचं."

मला सगळं कळलं. न्यायाधीशांनाही कळलं असणार, पण त्यांनी पुढल्या आठवड्यात निकाल दिला: कारण रंगाचं नाही, शिक्षा कायम. ड्वेननं बेड्यांतले हात माझ्याकडे उचलले आणि त्याला मागच्या दारानं नेलं.

मी पुढच्या दारानं निघाले. दार धरून हॉलिस उभा होता, माझ्या पाठीमागे आमच्या चर्चमधल्या साऱ्या बायका.

"गुड मॉर्निंग, वहिनी."

मी चालत राहिले. जन्मात पहिल्यांदा.

"वहिनी!" त्याचा आवाज चिरकला. "मी बोललो तुझ्याशी. सगळ्यांदेखत बोललो!"

मी पायरीवर थांबले, मागे वळले.

"कोण बोललं?" मी बायकांना विचारलं. "मला नाही दिसलं कुणी."