तिठ्यावरचं गाऱ्हाणं

मी एक जुना स्पीकर आहे, मित्रांनो. आंघोळ करताना खिडकीत ठेवतात तो तळहाताएवढा नव्हे. मी बास स्पीकर. मला उचलायला दोन माणसं लागतात आणि उचलताना दोघंही माझ्या नावाने बोटं मोडतात. कट्टा गावाच्या बाजारात परशुरामचं साउंड भाड्याने देण्याचं दुकान आहे, तिथे माझा जन्म झाला. सुताराने प्लायवूडचा खोका केला, वरून काळं रेक्झिन चिकटवलं, आणि परशुरामने जाळीमागे कागदाचा मोठा पडदा बसवला. तो पडदा हलला की मी बोलतो.

लग्नं, सत्यनारायण, क्रिकेटचे सामने, सगळीकडे मी जाऊन आलो. आपण मागे उभं राहून घुमायचं, एवढीच माझी समजूत होती. मग ‘तिठो’ आला.

तिठो म्हणजे तीन वाटा मिळतात ती जागा, आणि हा ग्रुपही तिघांचा. शब्द आणि आवाज सत्यवानचा, ड्रम दीपेशचे, आणि बास गिटार खुद्द परशुरामची. परशुरामचा मामा बोटीवर नोकरीला होता. सुट्टीवर येताना तो परदेशी कॅसेट आणायचा. त्या ऐकून या पोरांना हिप हॉपचं वेड लागलं, म्हणजे तालावर भराभर बोलण्याचं, आणि फंकचंही. फंक म्हणजे काय ते मीच सांगतो, कारण ते माझ्या पोटातून जातं. इतर गाण्यांत बास मुकाट मागून चालतो. फंकमध्ये तो पुढे येतो, मध्येच थबकतो, तालाला हुलकावणी देतो आणि तरी नेमका वेळेवर घरी पोचतो. पहिल्यांदा तो माझ्यातून गेला तेव्हा दुकानाच्या फळीवरचे बल्ब थरथरले. मी थक्क झालो. एवढं माझ्यात होतं हे मलाच ठाऊक नव्हतं.

आमच्याकडे कुठल्याही कार्याआधी गाऱ्हाणं घालतात. एक जण देवापुढे मागणं मांडतो आणि जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. सत्यवानने त्याच धर्तीवर स्वतःचं गाऱ्हाणं रचलं. “बा देवा म्हाराजा, कट्ट्याची एसटी येळार येवंदे,” असं तो म्हणायचा, खालून परशुरामचा बास सरकत यायचा आणि एकदम थांबायचा. त्या थांबलेल्या जागेत अख्खं पटांगण म्हणायचं, “व्हय म्हाराजा.” सुरुवातीला नाकं मुरडणारी म्हातारी माणसंसुद्धा म्हणायची. तो आवाज समोरून माझ्या अंगावर यायचा, आणि खोटं कशाला सांगू, मला भरून यायचं.

पुढे दीपेश नोकरीसाठी आखातात गेला. मग सत्यवानला घशाचा आजार झाला. ऑपरेशनने जीव वाचला, पण आवाज गेला तो गेलाच. तिठो थांबला. सत्यवान दुकानावरून जाताना मान दुसरीकडे वळवू लागला. मी मागच्या पडवीत गेलो. माझ्यावर काजूची पोती आली, ओले पंचे आले, आणि एका कोंबडीने मला आपलं घर मानलं. तिचा मला राग नाही, पण जाळी तिने पार खराब केली.

यंदा परशुरामच्या मुलीने, गौरजाने, मला बाहेर काढलं. जुन्या कॉम्प्युटरमध्ये तिला तिठोच्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग सापडलं होतं. सगळी गाणी एकात एक गुंफून तिला एक मिक्स करायचा होता, तिठोला मानाचा मुजरा म्हणून. बाजाराशेजारच्या पटांगणावर तो वाजणार होता. सत्यवानकाकाने एकदा येऊन ऐकावं, एवढंच तिला हवं होतं.

“तो येवचो नाय गो,” परशुराम म्हणाला. “माका म्हायत आसा.”

तरी ती कामाला लागली. एका दुपारी ती मला मिक्स ऐकवून बघत होती, आणि सत्यवानची आई काशीबाई बंद पडलेला रेडिओ घेऊन दुकानात आली. मुलाचा आवाज ऐकून ती उंबऱ्यातच थांबली. गाऱ्हाणं आलं. तिने तोंड उघडलं, “व्हय...” आणि तेवढ्यात पुढची ओळ तिच्यावर धावून आली.

“गो बाय, माका व्हय म्हणाक जागाच ठेवलंस नाय,” ती म्हणाली.

“आजी, थंय कोणाचोच आवाज नाय होतो,” गौरजा म्हणाली. “रिकामा होता, म्हणान कापलंय.”

“रिकामा कशाक आसतला? थंय आमी होतंव.”

गौरजाच्या लक्षात आलं. रेकॉर्डिंग थेट मशीनमधून घेतलेलं होतं. माइक सत्यवानपुढे होता, लोकांपुढे नव्हता. तिने सगळ्या कापलेल्या जागा पुन्हा उघडल्या. काशीबाई जाताना म्हणाली, “मी हाडतंय सत्यवानाक.”

आणि तिने खरंच आणलं त्याला. कार्यक्रमाच्या संध्याकाळी पटांगण भरलं होतं. सत्यवान कडेला, माझ्या अगदी जवळ येऊन बसला. परशुराम पलीकडे वायर धरून उभा होता, उगीचच. मिक्स सुरू झाला. बास माझ्यातून निघाला आणि मला पुन्हा तेच पहिलं नवल वाटलं. पोरं नाचू लागली. सत्यवान मात्र जमिनीकडे बघत होता.

मग गाऱ्हाणं आलं. “बा देवा म्हाराजा, कट्ट्याची एसटी येळार येवंदे.” बास थांबला. जागा आली. कोणीच बोललं नाही. माझा पडदा निपचित होता. मला वाटलं, संपलं, विसरले सगळे.

“व्हय म्हाराजा,” मागून काशीबाईचा एकटीचा आवाज आला.

दुसऱ्या मागण्याला भाजीवाल्या बोलल्या, रिक्षावाले बोलले. तिसऱ्याला सगळं पटांगण बोललं, तिठो कधी न ऐकलेली पोरंसुद्धा. सत्यवानने मान वर केली. त्याने माझ्या खोक्यावर हात टेकला, आणि शेवटच्या मागण्याला तो माझ्या जाळीपाशी वाकला. त्याचे ओठ हलले. आवाज नव्हता, नुसता श्वास होता. पण मित्रांनो, माझा पडदा हलला. जन्मभर माझ्यातून आवाज बाहेर गेले होते. हा एकच आत आला.

परशुरामने तेव्हा हातातली वायर खाली ठेवली आणि तो येऊन सत्यवानशेजारी बसला.

आता मी दुकानात पुढेच असतो. माझं एक ऐकाल? घरातला जुना स्पीकर ओलीत ठेवू नका, त्याच्यावर पंचे वाळत घालू नका, आणि कोंबडीला दुसरी जागा बघायला सांगा. आणि कोणी गाऱ्हाणं घातलं, तर गप्प बसू नका. तेवढी जागा तुमचीच असते.