बेरिलची पुठ्ठ्याची खुर्ची

चीफच्या कचेरीमागच्या सभागृहात त्या सकाळी अगदी पुढे अकरा मुलं होती. नऊ पुठ्ठ्याच्या खुर्च्यांत बसलेली, दोन अजून आयांच्या पाठीला लेसोच्या कापडाने बांधलेली. शिवाय अकरा आया, दानी देलफिना नावाची एक आजी आणि एक बाप. त्या बापाकडे बायका अधूनमधून वळून बघत होत्या, जणू तळ्यात टाकलेल्या जाळ्यात माशाऐवजी बोकड आला होता. समोर लांब टेबलामागे काउंटीच्या आरोग्य समितीचे सात सदस्य बसले होते.

अपोंडी आपल्या बेरिलच्या खुर्चीला खेटून बसली होती. बेरिल सहा वर्षांची, वजन चौदा किलो. जन्मताना तिचा श्वास अडकला, तेव्हापासून अंग ताठ. आडवी असताना भरवलं की घास श्वासनलिकेत जायचा. न्यूमोनियाने तिला दोनदा मरणाच्या दारात नेलं होतं. खुर्चीत पाठ आणि मान सरळ राहिली की मात्र ती नीट गिळायची. पण मुलं वाढतात, खुर्ची वाढत नाही. दरवर्षी नवी करावी लागते, आणि मुलाचं माप घ्यायला थेरपिस्ट लागतो. काउंटीच्या नव्या मोफत आरोग्य योजनेच्या मसुद्यात बाहेरून येणारी लोखंडी चाकखुर्ची होती. पुठ्ठ्याची खुर्ची नव्हती आणि थेरपिस्टही नव्हता. लोकांचं म्हणणं ऐकायची ही शेवटची बैठक. आज जमलं नाही, तर पुढच्या वर्षी बेरिल पुन्हा चटईवर आडवी.

"कागद?" समितीचे अध्यक्ष ओगाडा टेबलाला वळसा घालून पुढे आले. त्यांनी एका खुर्चीवर टिचकी मारली. "आयांनो, तुम्ही पोरं कागदावर बसवता?"

"मतपत्रिकाही कागदाचीच असते, म्हेशिमिवा," दानी देलफिना आदराचं संबोधन लावून म्हणाली. "तिच्यावर तुम्ही पाच वर्षं बसता."

सभागृह खदखदून हसलं. नाइलाजाने ओगाडाही हसले.

मग अपोंडीने सांगितलं. बारा थर पुठ्ठा, प्रत्येक दोन थरांमध्ये मक्याच्या पिठाची शिजवलेली खळ. वर दगड ठेवून दाबायचं, कडक उन्हात वाळवायचं, मग बाहेरून वर्तमानपत्राच्या पट्ट्या आणि शेवटी तेलाचा रंग. माप मुलाच्या कमरेचं, गुडघ्याचं, मानेचं.

"आतापर्यंत एखादी बिघडली?" समितीबरोबर आलेल्या इंजिनियर लिलियन ओडुंडोने विचारलं. तिच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

दानीने अपोंडीच्या दंडाला चिमटा काढला. "गप बस हं, न्यार उगेन्या. उगेन्याच्या लेकीचा माहेरचा खरेपणा इथे काढू नकोस."

अपोंडी उठून उभी राहिली.

"एक बिघडली. हीच, बेरिलची. मीच बिघडवली." तिने बेरिलच्या कपाळावरचा घाम लेसोच्या टोकाने पुसला. "खळ शिजवत होते, तेव्हा हिने अर्धी वाटी पेज उरवली होती. फेकवेना. म्हटलं, तीही पीठच आहे. ओतली खळीत. पेजेत साखर होती, ते डोक्यातच आलं नाही. तीन आठवड्यांनी मागच्या डाव्या पायातून मुंग्यांची वरात निघाली."

"वाजंत्रीसकट!" मागून कोणीतरी ओरडलं.

"हसा, हसा," अपोंडी म्हणाली. "पोखरलेला भाग कापला, उन्हात तापवला, नवे थर भरले. म्हणून हा पाय बाकीच्यांहून जाड आहे, बघा. आता आमच्यात नियमच आहे. खळ चाखल्याशिवाय कोणी पुठ्ठ्याला हात लावायचा नाही."

"तपासूनच बघू या," ओडुंडो अध्यक्षांना म्हणाली. "शेजारच्या दुकानात मक्याची नव्वद किलोंची गोणी असेल. ती तासभर खुर्चीवर ठेवू."

"ती निळी खुर्ची घ्या," ओगाडा म्हणाले. "नवी दिसतेय."

"नको, म्हेशिमिवा. हीच घ्या," अपोंडी म्हणाली.

"अगं ए!" दानी पुटपुटली.

"निळी टिकली तर म्हणाल, नवीच होती. आमची सगळ्यात वाईट खुर्ची ही आहे. तुम्ही सरकारचा पैसा लावणार, तर सगळ्यात वाईट बघूनच लावा."

तिने पट्टा सोडला आणि बेरिलला उचललं. बेरिलने अंग ताठ करून नाराजीचा लांब सूर काढला. गोणी आणायला दुकानदार आणि सभागृहातला तो एकटा बाप गेले. दोघं धापा टाकत परत आले, तेव्हा दानी म्हणाली, "बघा गं, बापसुद्धा कामाला येतो!"

ओडुंडोने आधी खुर्चीच्या बैठकीच्या मागच्या डाव्या कोपऱ्याची जमिनीपासूनची उंची मोजली. मग गोणी बसवली. खुर्ची एकदा करकरली. अपोंडीच्या मांडीवर बेरिल होती, हात सुन्न झाला होता, पण ती हलली नाही. आळीपाळीने इतर आया बोलत राहिल्या. कोणी झटक्यांबद्दल बोललं, कोणी कडक झालेल्या घोट्यांबद्दल. एकीने एवढंच सांगितलं की माझा मुलगा आता टेबलाशी बसून भावांबरोबर जेवतो. समितीतली एक बाई लिहायचं थांबून ऐकत राहिली. अपोंडीचं लक्ष मात्र त्या जाड पायावर होतं.

तासाभराने ओडुंडो पुन्हा गुडघ्यांवर बसली. टेप लावली, डोळा जवळ नेला, पुन्हा लावली.

"तीन मिलिमीटर खचली," ती म्हणाली. "आता गोणी काढा."

गोणी उतरवली. तिने तिसऱ्यांदा मोजलं.

"दोन परत वर आले. एक राहिला."

अपोंडीने बेरिलला उचलून खुर्चीत बसवलं, पट्टा लावला आणि पिशवीतून वाटी काढली. परवानगी न विचारता भरवायला लागली. बेरिलने पहिला चमचा घेतला, मान सरळ ठेवली, गिळलं. ठसका लागला नाही. सगळं सभागृह तो घास घशाखाली उतरताना बघत होतं, आणि अपोंडीने कोणालाही दुसरीकडे बघा म्हटलं नाही.

ओगाडांनी घसा साफ केला. "दुरुस्ती अशी: मुलाच्या मापाची स्थानिक आधारखुर्ची वर्षाला एक, आणि थेरपिस्टची भेट महिन्याला दोन, योजनेत घ्याव्यात. बाजूने असतील त्यांनी हात वर करा."

पाच हात वर गेले. दोन खाली राहिले.