ताईचा ई-रीडर

अतुलनं अमेरिकेहून करुणाताईसाठी ई-रीडर आणला, त्या दिवशी उस्मानपुऱ्यातल्या तिच्या घरात सण असल्यासारखं झालं. आई गेल्यावर ताईनंच त्याला वाढवलं, शिकवलं. आता ती शाळेतून निवृत्त झाली होती आणि डोळे अधू झाल्यानं तिचं वाचन सुटत चाललं होतं. वस्तीतल्या बुद्धविहारात पावसाळ्यातल्या वर्षावासाचं ग्रंथवाचन इतकी वर्षं तीच करायची. यंदा मात्र दुसऱ्या कुणाला तरी सांगा, असा निरोप तिनं धाडला होता. अतुलनं पडद्यावरचं अक्षर बोराएवढं करून दाखवलं, तशी ती लहान पोरीसारखी हसली.

"लई मोठं काम केलंस बघ," ती म्हणाली. "आता वाचन मीच करणार."

अतुलला त्या शाबासकीनं अवघडल्यासारखं झालं. तिकडच्या दुकानात हेच यंत्र दोन तऱ्हेचं मिळतं. एक साधं आणि एक जाहिरातीचं. जाहिरातीचं थोडं स्वस्त पडतं, पण जरा वेळ हात लागला नाही की पडद्यावर नव्या पुस्तकांच्या जाहिराती येऊन बसतात. अतुलनं एकाच दिवशी दोन्ही घेतली होती. साधं स्वतःला, जाहिरातीचं ताईला. तिकडच्या जाहिराती भारतात कशाला येतील, अशी मनाची समजूत घालून तो मोकळा झाला होता. पण यंत्र त्याच्या तिकडच्याच खात्याला जोडलेलं होतं, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

रविवारी संध्याकाळी विहार भरलं. त्रिशरण, पंचशील झालं आणि ताई वाचायला बसली. आवाज खणखणीत, कुठं अडखळणं नाही. अतुल मागं पुरुषांत बसून ऐकत होता. एका उताऱ्याचा अर्थ सांगता सांगता ताई रमली. यंत्र मांडीवर तसंच राहिलं. तेवढ्यात पुढं बसलेल्या म्हाताऱ्या मनकर्णाबाई पुढं वाकल्या.

"अगं माय! हे काय गं करुणा?"

पडद्यावर कुठल्याशा इंग्रजी प्रेमकथेची जाहिरात आली होती. उघड्या छातीचा एक बाप्या आणि त्याच्या गळ्यात पडलेली एक बाई. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. ताईनं यंत्र झटकन पालथं घातलं आणि अतुलकडं पाहिलं.

"सगळ्याच यंत्रांत येतं ते, ताई," तो बोलून गेला. "कंपनीच टाकते."

"ऐकलं का?" ताई बायकांना म्हणाली. "सगळ्यांतच येतं. त्याला आणणारा तरी काय करणार?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. ताई पुन्हा वाचू लागली. अतुलच्या कानात पुढचा एक शब्द शिरला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईची मुलगी मोनाली त्याचा ई-रीडर चार्जिंगला लावायला म्हणून घेऊन आली. "मामा, तुझ्यात तर झाडाचं साधं चित्र आहे. तुझ्यात नाय येत जाहिराती?"

ताई भाजी निवडत होती. तिनं हात पुसले, दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी ठेवून पाहिली आणि अतुलकडं वळली. अतुलनं सगळं सांगितलं. सांगताना त्याची नजर वर होईना.

"ताई, तू माझंच ठेव. हे मी नेतो."

"नगं," ताई म्हणाली. "स्वस्तातलं आणलंस, त्याचं मला काय नाय. तू लहान असताना मी तुला जुनीच दप्तरं दिली. पण पंचशील घेतलं, 'मुसावादा वेरमणी', खोटं बोलणार नाय म्हटलं, अन् त्याच बैठकीत तू माझ्या तोंडून खोटं वदवलंस."

अतुलला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

पुढच्या रविवारी विहारात जावं लागू नये म्हणून तो निमित्तं शोधत होता. ताई म्हणाली, "चल." वाचनाआधी ती उभी राहिली.

"मागल्या खेपेला मी सांगितलं ते खरं नव्हतं. सगळ्या यंत्रांत अशी चित्रं येत नाहीत. याच्यात येतात, कारण हे स्वस्तातलं आहे. मला माफ करा."

तिनं कुणाचं नाव घेतलं नाही. गरजही नव्हती. माणसं हळूहळू मागं वळून बघू लागली. अतुलचा चेहरा पेटल्यासारखा झाला. आपण उठावं, चूक माझी आहे म्हणावं, असं त्याला आतून वाटत होतं. पण तो जागचा हलला नाही. तोवर ताई बसली, तिनं पान उघडलं आणि ती वाचू लागली. जिथं थांबायची तिथं पडद्यावर तळवा ठेवायची.

बाहेर चपला घालताना मनकर्णाबाईंनी त्याला गाठलं. तो खाली मान घालून उभा राहिला. त्या एवढंच म्हणाल्या, "पोरा, करुणा वाचती मातर लई गोड."

अमेरिकेला परतल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते वरचे पैसे भरून ताईच्या यंत्रावरच्या जाहिराती बंद करून घेण्याचं. मग ताईला फोन लावला.

"व्हय, गेली चित्रं," ताई म्हणाली.

"ताई, त्या दिवशी विहारात मीच उठायला पाहिजे होतं."



"व्हय," ती म्हणाली. "पाहिजे होतं." मग तिनं विचारलं, तिकडं थंडी पडली का.