मुठीवर कवड्यांची खोळ

मी एका स्पोर्ट्स बाईकचा जुना हँडलबार आहे. जुना म्हणजे अगदी म्हातारा नव्हे, मित्रांनो. माझ्या अंगावरचा काळा रंग तेवढा जागोजागी उडाला आहे, आणि तो उन्हानं किंवा पावसानं उडालेला नाही. लोकांनी माझ्यावर जे जे आवळलं, पिळलं, ठोकलं आणि पुन्हा उपटून काढलं, त्यानं तो उडाला. माझं आयुष्य कसं गेलं म्हणून विचाराल तर वैतागात गेलं. का, ते आज सांगतो. कारण उद्या तुमच्यापैकी बरेच जण माझ्यासारख्याच कुणाच्या तरी मुठी हातात धरणार आहेत.

माझा जन्म कारखान्यातला. साध्या मोटारसायकलचा हँडलबार म्हणजे एक लांब, वाकवलेली नळी. मी तसा नाही. माझा डावा हात वेगळा, उजवा वेगळा, आणि दोन्ही टाकीच्या अगदी लगत. ब्रेक, क्लच, दिव्यांची बटणं आणि दोन मुठी, एवढ्यांचीच सोय माझ्यावर केलेली होती. त्यापलीकडे माझ्याजवळ जागा नाही, कधी नव्हतीच. पण हे सांगायला मला तोंड कुठे आहे?

पहिली काही वर्षं मी ढाणकीच्या एका अडत्याच्या मुलाकडे काढली. तो मला रोज पुसायचा. बाजारात गाडी उभी केली की पोरं भोवती जमायची आणि माझ्या मुठींना हळूच हात लावून बघायची. मग त्याच्या घरी चारचाकी आली आणि मी कापसाच्या गोदामात जाऊन पडलो. तिथे माझ्यावर कबुतरं बसली. कबुतरांनी काय केलं ते सांगत नाही. त्यानंतर आर्णी रस्त्यावरच्या एका तांड्यातला बादल मला विकत घेऊन गेला.

बादल मनानं वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. शेतात कापूस, तूर, घरी आई लालीबाई आणि धाकटी बहीण बबिता. बहिणीवर त्याचा फार जीव. बबिता पोलीस भरतीची तयारी करत होती. दिवस उगवायच्या आत ती डांबरी रस्त्यावर पळायला निघायची, पायात भावानं आणून दिलेले बूट. मैदानी चाचणी यवतमाळला होती आणि सकाळी लवकर हजर राहायचं होतं. त्या वेळेला तांड्यावरून एसटी नाही. म्हणजे बबिताला मैदानावर पोचवायचं काम माझ्यावर आलं. मला त्याचा अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू?

पण बादलच्या डोक्यात भलतंच शिरलं. "माही बहीण भरतीले चालली, अन् मी तिले अशा भकास गाडीवर नेऊ काय?" असं म्हणून तो त्याच्या मित्राला, इंद्रजीतला, घेऊन आला. इंद्रजीतनं पिशवी भरून सामान आणलं होतं. मोबाईलचा स्टँड आला, चार्जर आला, जादा दिव्यांचं बटण आलं, मुठींच्या टोकांना लावायचे गोल आरसे आले, ब्रेकच्या दांडीपुढचं लाल कडं आलं. माझ्यावर जागा वीतभर आणि वऱ्हाड आलं बैलगाडीभर! ब्रेकची दांडी त्यांनी आत सरकवली, बटणांची डबी तिरपी केली, स्टँड अशा जागी बसवला की हँडल पुरतं वळवलं की तो टाकीवर आपटे. शेवटी चार स्क्रू उरले.

"हे कुठले राह्यले बे?" बादलनं विचारलं.

"कंपनीवाले जास्तीचेच देतेत," इंद्रजीत म्हणाला आणि स्क्रू खिशात टाकून चहा प्यायला बसला. मला त्या दोघांच्या डोक्यावर आदळावंसं वाटलं.

इथवर मी सगळं गिळलं असतं. पण मग लालीबाई बाहेर आली. मित्रांनो, लालीबाईवर मला रागावता येत नाही, हीच माझी खरी पंचाईत आहे. या तांड्यातल्या लोकांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामुलखांतून फिरायचे. सगळ्यांच्या पुढे चालणारा बैल ते असा सजवत की लांबून ओळखू यावा. तांड्यात बैल आता थोडे उरलेत, पण लालीबाईच्या बोटांतली सजावट गेलेली नाही. लेक मोठ्या कामाला निघाली, तर तिच्या वाहनाला साज हवाच. तिनं आपल्या जुन्या घागऱ्याचा भरतकाम केलेला तुकडा कापला, आरसे लावले, कवड्या ओवल्या आणि माझ्या दोन्ही मुठींना खोळी शिवल्या. बैलाच्या शिंगाला शिवतात, अगदी तशाच. बैल मान झटकतो आणि खोळ निसटते, म्हणून दोन्ही टोकं घट्ट बांधायची, ही तिची पद्धत. तिनं बाहेरचं टोक मुठीच्या टोकावरच्या गोल आरशाच्या दांडीला बांधलं आणि आतलं टोक बटणांच्या डबीला. इंजिन बंद करायचं लाल बटण त्या कापडाखाली गेलं.

आणि माझी उजवी मूठ म्हणजे रेसची मूठ! ती पिळली की गाडी धावते, सोडली की तिनं आपोआप मागं आलं पाहिजे. शिंग फिरत नाही. ही मूठ फिरते. एवढी साधी गोष्ट घरातल्या एकानंही तिला सांगितली नाही. बादलनं मूठ पिळून पाहिली, ती रडतकढत मागं आली.

"थोडी कडक लागून राह्यली," बबिता म्हणाली.

"नवी हाय ना. चालून चालून मोकळी होईन," बादल म्हणाला. "याडीनं किती मायेनं शिवलं, पाह्य जरा."

 याडीनं, म्हणजे आईनं, मायेनं शिवलेलं काढ म्हणायची छाती कोणाची होते?

सकाळी आम्ही निघालो. झुंजूमुंजू झालं होतं, रस्ता मोकळा होता. सरळ रस्त्यावर बादलनं मूठ पुरी पिळली. पुढे वळण आलं तशी त्यानं सोडली, आणि त्याच क्षणी एक कवडी मूठ आणि टोकाचा गोल आरसा यांच्या मध्ये जाऊन रुतली. मूठ जागची हलेना. इंजिन ओरडायला लागलं. मी जीव खाऊन मागं यायचा प्रयत्न करत होतो, पण कापडानं मला जखडलं होतं. बादल अंगठ्यानं लाल बटण शोधत होता आणि त्याच्या बोटांना फक्त खोळीवरचे आरसे आणि कवड्या लागत होत्या. ब्रेकची दांडी आत सरकवलेली, तीही नीट हातात येईना. शेवटी त्यानं क्लच दाबला, तोवर आम्ही रस्ता सोडून कडेच्या कापसाच्या पऱ्हाटीत शिरलो होतो.

गाडी आडवी झाली. बादल उठला आणि सगळ्यात आधी त्यानं काय केलं असेल? माझा आरसा फुटला का ते पाहिलं! मग त्याच्या ध्यानात आलं की बबिता अजून खालीच बसली आहे, दोन्ही हातांनी घोटा धरून.

तरी ती मैदानावर गेली. मागून येणाऱ्या एका दूधवाल्याच्या गाडीत बसून गेली. पळायला उभी राहिली, निम्मं अंतर पळालीही. मग पाय टेकवेना. तिथल्या पोलिसांनी तिला बाजूला घेतलं आणि घरी जा म्हणाले. वर्षभराची तयारी पाव तासात संपली.

घरी बादलनं सांगितलं, कुत्रं आडवं आलं. लालीबाईनं दोघांच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं कपाळाशी मोडली आणि म्हणाली, "खोळ होती म्हणून वाचले माहे लेकरं." बबितानं भावाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि घोट्याला फडकं गुंडाळायला घेतलं. मी भिंतीशी उभा, त्याच खोळी अंगावर घेऊन. माझा संताप माझ्यात मावेना.

थोड्या दिवसांनी शेजारचा फकिरा त्याची नवी गाडी घेऊन दारात आला. "वहिनी, बादलच्या गाडीले शिवली तशी खोळ मह्या गाडीलेबी शिवून द्या," म्हणाला. गाडीवर मागं त्याची नात बसली होती. लालीबाई हरखली आणि सुईदोरा आणायला आत वळली. बादल जमिनीकडे बघत राहिला. आता तरी बोल रे, एवढंच मी मनात म्हणत होतो.

बबिता लंगडत उठली. तिनं आईचा हात धरला, मला जिथे ठेवलं होतं तिथे तिला आणलं आणि तो हात माझ्या उजव्या मुठीवर ठेवला.

"याडी, पिळ. आता सोड."

लालीबाईनं सोडली. मूठ मागं आली नाही.

"हे शिंग नोहे, याडी. हे फिरते. मागं आलं नाई तर गाडी थांबत नाई."

लालीबाईनं मुठीत रुतलेल्या कवडीवरून बोट फिरवलं. "कुत्रं नोहतं?"

"नोहतं," बादल म्हणाला. त्याला रडू फुटलं. "याडी, बटण झाकलं गेलतं. ब्रेक म्याच आत सरकवला. मले सगळं दिसून राह्यलं होतं."

"म्हंजे तुले म्या पाडलं, बाई?" लालीबाईनं लेकीला विचारलं.

"आपण तिघायनं मिळून पाडलं," बबिता म्हणाली. "मूठ कडक होती, तरी मी खोळ काढ म्हटलं नाई. आता फकिराकाकाले नको पाडू."

लालीबाईनं तिथेच बसून दातांनी दोरा तोडला. मग तिनं एकेक टाका उसवला. खोळ निघाली तशी माझी मूठ चटकन मागं आली. तिनं पुन्हा पिळली, पुन्हा सोडली. मग फकिराच्या गाडीशी जाऊन तिची मूठही तशीच पिळून पाहिली आणि त्याला म्हणाली, "हिले काही घालू नोका. अशीच राहू द्या." बादलनं संध्याकाळपर्यंत माझ्यावरचं बाकीचं सामान उतरवलं.

मित्रांनो, माझा रंग पुन्हा उडाला, पण अंगावरचं ओझं उतरलं. हौस करा, मी नाही म्हणत नाही. पण माझ्यावर काहीही बांधलं की गाडी उभी असतानाच मूठ पिळा आणि सोडा. हँडल दोन्ही बाजूंनी पुरतं वळवून बघा. काही अडलं, तर ते कुणीही, कितीही मायेनं बांधलेलं असो, काढून टाका आणि का काढलं ते त्या माणसाला तोंडावर सांगा. बबिताला सकाळच्या दवात, लंगडत का होईना, चालण्याचा सराव करताना मी रोज बघतो. पुढची भरती कधी निघेल, कुणाला ठाऊक नाही. तिची एक संधी गेली, ती गेलीच. तुमच्या घरातल्या कुणाची जाऊ नये, एवढंच माझं मागणं आहे.